मेली तं कान आणजा

आमच्या गावात माझी पिठाची चक्की आहे. डबा ठेवायचा, पीठ घेऊन जायचं, इतका सरळ व्यवहार. पण मी कुणालाही एखादी गोष्ट ऐकवल्याशिवाय सोडत नाही. चक्कीच्या घरघरीत समोरच्याला ती निम्मीच ऐकू येते. तो मान हलवतो आणि मला वाटतं, पटली. बायको म्हणते, "तुमच्या चक्कीत ज्वारी कमी अन् माणसं जास्त दळल्या जाते."

या मान हलवण्यावर मी नको इतका विश्वास ठेवतो. म्हैसही मी मान हलवूनच विकत घेतली होती.

झालं असं, की बायकोच्या माहेरी, घाटंजीला, आम्ही मिरच्या आणायला गेलतो. बाजाराचा दिवस होता. बायको मिरच्या निवडत बसली आणि मी ढोरबाजाराकडे सरकलो. तिथे दोन माणसं एका उपरण्याखाली हात घालून उभी होती. तोंडानं चकार शब्द नाही. उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो हे मी ऐकून होतो, पण नेमकं कोणतं बोट दाबलं की काय होतं, याचं मला फार कुतूहल. पहिला माणूस हात काढून निघून गेला. व्यापारी उपरणं तसंच धरून माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हटलं, बघू तरी. हात घातला. त्यानं दोन बोटं दाबली, मग आणखी एक, मग सगळा पंजा. मला गुदगुल्या झाल्या. मी हसलो आणि सवयीनं मान हलवली.

म्हैस माझी झाली.

आजूबाजूचे चार जण "झाला सौदा, झाला सौदा" म्हणून टाळी देऊन मोकळे. मी गुदगुल्यांची बाजू मांडून पाहिली, पण बाजाराला तेवढा वेळ नसतो. परतताना भाड्याच्या टेम्पोत बायको पुढे मिरच्या मांडीवर घेऊन बसली आणि मी मागे म्हशीबरोबर उभा. गाव येईपर्यंत बायकोनं मागे वळून पाहिलं नाही. म्हशीनं मात्र माझ्यावरची नजर काढली नाही.

घरी आल्यावर म्हशीनं पान्हा चोरला. मी बसलो की दूध वर, उठलो की खाली. एकदा बादलीला लाथ, एकदा मला. बायकोनं सांगून टाकलं, "एक तं हे ढोर राहीन घरात, नाई तं तुम्ही. दोघायचं शेण-कुटार मी नाही उचलत."

नाल्यापलीकडे तांडा आहे. तिथली एक बाई दर आठवड्याला ज्वारी दळायला यायची. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा. याडी म्हणजे आई. मीही याडीच म्हणायला लागलो, जरी ती माझ्यापेक्षा फार मोठी नसावी. तिनं एकदा गोठ्यात डोकावून म्हशीच्या पाठीवर थाप मारली, तर म्हशीनं डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "याडी, हिला तूच ने. बटईनं."

बटई म्हणजे भागी. ढोर एकाचं, सांभाळ दुसऱ्याचा. दूध सांभाळणाऱ्याचं, एक वासरू तुझं, एक माझं. हे कुठे लिहून ठेवत नाहीत. चार माणसांसमोर बोलायचं, ढोराच्या तोंडात दोघांनी मिळून एक घास वैरण द्यायची, बस. त्या दिवशी मी चक्की मुद्दाम बंद केली. डबे घेऊन बसलेले चार-पाच जण साक्षीला होते. त्यांच्याकडे पाहून मला चेव चढला आणि मी शेवटची अट घातली.

"अन् मेली तं कान आणजा बरं याडी! कान दाखवल्याबिगर मी मेली असं मानत नाही."

सगळे हसले. याडी हसली नाही. "हाव," म्हणाली.

ही अट मी कुठून आणली ते सांगायला हवं. माझ्या आजोबांच्या तरुणपणापर्यंत गावातलं मेलेलं ढोर ओढून नेणं आमच्या घरांच्या वाट्याला होतं. मालकाचा संशय असायचा, की ढोर मेलं म्हणता आणि खरं तर विकून आलात. म्हणून कान कापून त्याच्या ओट्याखाली नेऊन ठेवायचा. तो वरून बघणार आणि मग मान हलवणार. पुढे आमच्या लोकांनी धम्म घेतला आणि ते काम सोडलं, एका दिवसात, गावानं कितीही डोळे वटारले तरी. आजोबा हे सांगताना हसत नसत. मी हसायचो, कारण मला कानाचीच गंमत वाटायची. आणि आता चक्कीच्या ओट्यावर उभा राहून, खाली उभ्या असलेल्या बाईला मी तीच अट घातली. त्या वेळी मला हे फार खुसखुशीत वाटलं होतं.

म्हैस तांड्यावर रमली. याडीनं तिला दोनदा वेताला आणलं. एक वगार, म्हणजे मादी पारडू, माझ्या वाट्याची, ती बायकोनं परस्पर विकून घराला नवी कवाडं बसवली. रेडा याडीच्या वाट्याचा. सकाळच्या गाडीनं याडीचं दूध दिग्रसला चहाच्या टपऱ्यांवर जायचं, तांब्याभर आमच्या चहाला यायचं. तिचा मुलगा आणि सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे, ट्रकमधे अख्खा संसार बांधून. टोळीचा मुकादम दर वर्षी याडीलाही म्हणायचा, "चाल ना व याडी, अर्धा कोयता लिहितो तुया नावानं." तिकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकट्या माणसाला अर्धा. याडीचं उत्तर ठरलेलं, "म्हैस कोन पाहीन?" मुकादम पुढच्या घराकडे वळायचा. तिचे गुडघे कुरकुरत होते, पण गुडघ्याचं कारण मुकादम ऐकत नाही. म्हशीचं ऐकतो.

परतीच्या पावसात वीज पडली ती दुपारी. सोयाबीन कापायला आलेलं. मी चक्कीत होतो. लाईट गेली, पट्टा थांबला आणि मग असा आवाज झाला की डब्यांची झाकणं वाजली. थोड्या वेळानं दारात याडी उभी. नखशिखांत भिजलेली. हातात पळसाच्या पानांचा द्रोण, वर दुसरं पान झाकलेलं. मला वाटलं, तांड्यावर काही पूजा असेल, प्रसाद आणला.

तिनं द्रोण तराजूच्या पारड्यात ठेवला आणि पान काढलं.

काळा, केसाळ कान. त्यात पिवळा बिल्ला, बारा आकडी नंबराचा.

"मोहाच्या झाडाखाली उभी होती," याडी म्हणाली. "मी येवढ्यात ताडपत्री घ्याले गेलती. वापस आली तं पडेल होती. तुमची अमानत होती भाऊ. कान आणला."

पारडं किंचित खाली गेलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. इतकी वर्षं मी लोकांना गोष्टी ऐकवत होतो. एवढी एक कुणीतरी पुरती ऐकली होती.

"याडी, अवो, मी गमतीनं..."

"गमतीनं?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "चार मान्सात बोलले ना तुम्ही?"

 मी तिला बस म्हटलं, चहा सांगितला. ती बसली नाही. म्हशीपाशी मुलाला उभं करून आली होती, कुत्री येतील म्हणून. पावसात तशीच निघून गेली.

बायकोनं चहाचे कप आणले आणि तराजू पाहिला. कप तिथेच पिठाच्या पेटीवर ठेवले.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. अटीसकट सांगितलं, कारण लपवायला काही जागाच नव्हती. अशा वेळी मी चक्की सुरू करतो, पण लाईट नव्हती.

"आजोबांनं मेल्या ढोराचं काम सोडलं," ती म्हणाली. "अन् तुम्ही बसल्या जागी कान मांगून घेतला. मालक झाले!"

कान घरात घ्यायची सोय नव्हती. मी त्याला मीठ लावलं, कारण मला एवढंच सुचलं, आणि चक्कीच्या बसक्या पत्र्याच्या छपरावर द्रोणासकट ठेवून वर वीट ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनाम्याला माणसं आली. नैसर्गिक आपत्तीत ढोर गेलं तर सरकार मदत देतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तलाठी साहेब आले, जनावरांच्या डॉक्टर म्याडम आल्या. म्याडमच्या पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट होते आणि त्या चिखलात आमच्यापेक्षा भरभर चालत होत्या. मोहाच्या झाडाची साल उभी सोलून निघाली होती. खाली म्हैस. अर्धा तांडा आणि अर्धं गाव भोवती.

म्याडमनी म्हशीचं डोकं उचललं, एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं.

"हिचा डावा कान कुठे आहे?"

तलाठी साहेबांनी दुसऱ्या बाजूनं डोकावून पाहिलं.

"बिल्ला त्याच कानात असतो," म्याडम म्हणाल्या. "बिल्ल्याशिवाय ही म्हैस कोणाची, कोणती, मी काय भरू? उद्या कोणी म्हणेल दुसऱ्याची मेलेली म्हैस दाखवली."

तलाठी साहेबांनी कपाळाला हात लावला. "मेल्या म्हशीचा कान कोण पळवते बाप्पा?"

याडी पुढे झाली. हात जोडलेले. "पळवला नाही साहेब. मालकाले पोचवला."

आणि तिनं माझ्याकडे बोट केलं. आयुष्यात बऱ्याच वेळा बरेच लोक माझ्याकडे एकदम वळून बघतात, पण सहसा माझी गोष्ट संपलेली असते. इथे ती सुरू होत होती.

"आहे, आहे," मी म्हटलं. "कान माझ्याकडे आहे. सुरक्षित आहे. मीठ लावून ठेवला आहे."

म्याडमनी विचारलं, "का?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला आजोबांपासून सुरुवात करावी लागली असती. मी म्हटलं, "आत्ता आणतो," आणि पळालो.

छपरावर वीट होती. द्रोण नव्हता.

आता, आमच्या चक्कीपाशी एक काळं कुत्रं असतं. पीठ दळताना जमीन गरम होते, तिथे ते झोपतं. त्या सकाळी ते जागेवर नव्हतं. मला दुसरा पुरावा लागला नाही. मी काठी घेतली. कुत्रं बुद्धविहाराच्या मागे दिसलं, तोंडात काहीतरी काळं. मी ओरडलो. ते पळालं. मी मागे. शाळेच्या कुंपणाला वळसा, मग पाण्याच्या टाकीखालून, मग कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीतून. "काय झालं गा?" म्हणून लोक विचारत होते आणि मी पळता पळता ओरडत होतो, "कान नेला! कान नेला!" त्यामुळे जो तो आधी माझ्या कानाकडे बघत होता. नाल्याच्या काठी मी घसरलो आणि कुत्र्यानं दयेनं तोंडातलं टाकलं.

चप्पल होती. माझीच, श्रावणापासून हरवलेली.

मी चिखलानं माखून घरी आलो. बायको अंगण झाडत होती. माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या चपलेकडे तिनं शांतपणे पाहिलं.

"काय शोधून राह्यले सकाळपासून?"

"कान!"

"तो तं मी पुरला."

"पुरला? कुठे? काहून?"

"शिताफळाखाली. मले इचारलं काय तुम्ही? डायरेक कुत्र्याच्या मागं लागले." तिनं खराटा भिंतीला टेकवला. "हात नाही लावला मी. फावड्यानं नेला. आजोबांनं सोडलं ते सोडलं. पन तिच्या दुधाचा चहा पेलो आपन. उघड्यावर कसा ठेवू?"

मला तिच्याशी भांडायचं होतं, पण कशावरून भांडावं ते सापडेना. मी उकरायला बसलो. तिनं फावडं दिलं नाही. "हातानं काढा," म्हणाली. "मांगितला होता ना?"

हातानं काढला. ओल्या मातीत तो थंड होता आणि मला वाटला होता त्यापेक्षा जड. मी नखांनी त्याच्यावरची माती खरवडली. आजोबांच्या गोष्टीत कान असायचा, पण त्याला वजन नसायचं.

प्लास्टिकच्या बादलीत घालून मोहाखाली नेला. म्याडमनी माझ्या अवताराकडे पाहून एकही प्रश्न विचारला नाही. हातमोजे चढवले, कान धुतला आणि म्हशीच्या डोक्याशी नेऊन कापलेल्या कडेला कड लावली. सगळे वाकले. तांड्याचा नायक, माझी गिऱ्हाइकं, तलाठी साहेब, मी. नवरीला बांगडी बसते का बघावं तसे आम्ही श्वास रोखून बघत होतो.

"बसला," कुणीतरी म्हणालं.

"बसनारच," याडी म्हणाली. "तिचाच हाय."

म्याडमनी फोनमधे नंबर टाकला. रेंज शोधत चार पावलं बांधावर गेल्या, परत आल्या आणि मोठ्यानं नाव वाचलं. मालक म्हणून माझं नाव. खाली चक्कीचा फोन नंबर.

मी चकित. बिल्ले मारायचं शिबिर तांड्यावर झालं तेव्हा मी हजरही नव्हतो. मी धरून चाललो होतो, की म्हैस जिच्या दारात तिचंच नाव लागलं असेल, मदत तिला मिळेल आणि माझी अट, कुत्रं, चप्पल सगळं धुऊन निघेल.

"याडी, तू माझं नाव सांगितलं?"

"मंग कोनाचं सांगू?"

"साहेब," मी तलाठ्यांना म्हटलं, "म्हैस यांची. सांभाळली यांनी."

"ढोर त्यायचं," याडी म्हणाली. "मी बटईवाली. जगलं तं दोघायचं, मेलं तं मालकाचं. मी कशी घेऊ?"

"यांचीच आहे साहेब."

"त्यायचीच हाय."

तलाठी साहेबांनी पेन बंद केलं. "मी रोज गावोगाव फिरतो. माझं, माझं, माझं, असंच ऐकतो. ही पहिली म्हैस आहे जी कोणालेच नाही पाह्यजे. बिल्ल्यावर ज्याचं नाव, त्याच्या खात्यात मदत. पुढं तुम्ही दोघं भांडा."

फोटो काढायचा होता, मालक मेलेल्या जनावराजवळ, कान हातात धरून. मी उभा राहिलो. "हसू नका," म्याडम म्हणाल्या.

"माझा चेहराच तसा आहे म्याडम."

"मग खाली बघा."

खाली बघितलं. म्हशीचा डोळा अर्धा उघडा होता, घाटंजीहून येताना टेम्पोत होता तसाच. त्या फोटोत मी हसत नाही.

जाताना म्याडमनी मला बाजूला घेतलं. "कान कापलेला होता, हे मला लिहावं लागेल. कारणही लिहीन. वरच्या ऑफिसला पटलं तर पैसे येतील. नाही पटलं तर शंका काढतील. पुढच्या वेळी आधी फोन, मग काय ते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "ही कान आणायची पद्धत इकडे सगळीकडे आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "इकडे ती मी एकट्यानं चालू ठेवली आहे."

दुपारी ग्रामपंचायतीनं जेसीबी पाठवला. त्यानं शेताच्या धुऱ्यापाशी खड्डा केला आणि म्हशीला अलगद उचलून आत ठेवलं. चालवणारा पोरगा कुठल्या घरचा ते कुणी विचारलं नाही. याडीनं वरून कान टाकला.

मग वाट पाहणं सुरू झालं.

दसरा झाला. मुकादम आला. याडीची दावण रिकामी, हे त्यानं येतानाच पाहिलं असणार. दुसऱ्या दिवशी याडी चक्कीवर आली. ज्वारी नव्हती आणली. मी चक्की बंद केली.

"भाऊ, आज हसू नका," ती म्हणाली. "मुकादम म्हनते, म्हैस तं गेली, आता कोन्तं कारन सांगतं? उद्या ट्रक जाते. नाव लिहू का म्हनते. सरकारचं आलं तं तुम्ही म्हैस घेसान, बटईनं देसान, मंग मी कायले जाऊ? पन नाही आलं तं हिवाळ्यात मी काय खाऊ? ट्रक काही वापस येत नाही." तिनं गुडघ्यावर हात ठेवला. "खरं सांगा. येईन का?"

मला माहीत नव्हतं. वरच्या ऑफिसात कुणीतरी 'कान मालकाकडे पोचवण्यात आला' हे वाक्य वाचत असेल आणि त्याचं तोंड कसं झालं असेल, हे मी रोज रात्री डोळ्यांपुढे आणत होतो. माझं बोलणं तिनं एकदा शब्दशः घेतलं होतं आणि त्याचा हा असा कान झाला होता. आणि आता ती पुन्हा तशीच समोर उभी होती, ओट्याखाली.

मी ओट्यावरून खाली उतरलो.

"येईल का ते मला माहीत नाही याडी," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही. पण म्हैस येईल. सरकारचं आलं तर त्यातून, नाही आलं तर बायकोची कवाडं उपटून. हे मी चार माणसांत बोलायला तयार आहे."

आतून बायकोचा आवाज आला, "कवाडं राहू द्या! पन म्हैस येईन याडी. मी ऐकून राह्यली."

याडीनं आतल्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "मंग ठीक आहे," म्हणाली.

ट्रक गेला. याडी नाल्याच्या पुलावर उभी राहून मुलाकडे हात हलवत होती, आणि मी चक्कीच्या दारातून तिच्याकडे बघत होतो. त्यानंतर माझा फोन वाजला की माझा हात पिठातून निसटायचा. कर्ज हवंय का, विमा हवाय का, बक्षीस लागलंय. बायको म्हणायची, "ज्याचे कान उपटाले पाह्यजे त्याले सरकार बक्षीस कायले देईन?" एकदा तालुक्याच्या ऑफिसातून एका माणसाचा फोन आला. कानाबद्दल खुलासा हवा होता. मी आजोबांपासून सुरुवात केली. त्यानं मध्येच थांबवलं नाही, हे विशेष. शेवटी फक्त म्हणाला, "बरं. माझ्या आजोबांकडनं मी असंच काही ऐकलं होतं."

पैसे आले तेव्हा मी मका भरडत होतो. मेसेज वाचला, परत वाचला, आणि तसाच, पिवळा होऊन, तांड्यावर पळालो. पट्टा चालूच राहिला, ते निराळं.

घाटंजीच्या बाजारात या वेळी आम्ही तिघं गेलो. बायकोनं मला दोन्ही हात खिशात घालायला लावले आणि बाजार संपेपर्यंत काढू दिले नाहीत. याडीनं म्हशीच्या कासेला हात लावला, दात पाहिले, शेपटीचं टोक पाहिलं, आणि उपरण्याखाली हात घातला. तिचा चेहरा दगडासारखा. व्यापाऱ्याचाच चेहरा बदलत होता. मी जवळ जाऊन विचारलं, "याडी, आता कोणतं बोट दाबलं?"

"गप बसा ना हो," बायको म्हणाली.

टेम्पोत परतताना आम्ही अटी ठरवल्या. म्हैस याडीच्या नावावर, बिल्लाही तिच्याच नावाचा. फुकट घ्यायला ती तयार नव्हती, म्हणून पहिली दोन वासरं माझी, मग हिशेब फिटला. बायको साक्षीदार. मी म्हटलं, "आणि बाकीच्या अटी?" दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मिरच्यांच्या पोत्यावर नीट बसलो.

परवा याडी मुलाला भेटायला उसाच्या पट्ट्यात गेली, बसनं, पाहुणी म्हणून. जाण्याआधी म्हैस आणून आमच्या गोठ्यात बांधली. सरकीची ढेप किती, पाणी कधी, सगळं बायकोला सांगितलं. मग चक्कीच्या ओट्यावर चढली. मी खाली, डबे रचत होतो.

"भाऊ," ती म्हणाली, "म्हैस माई हाय. बटईनं तुमच्याकडं."

"हाव याडी."

"मेली तं कान आणजा."

डबे घेऊन बसलेले सगळे हसले. मी हसलो नाही, कारण ती हसत नव्हती. मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"पहिले म्याडमले फोन करजा," ती म्हणाली. "मंग कान."

हिवाळ्यात वीज पडत नाही, निदान सहसा नाही. तरी आज दुपारपासून पश्चिमेला ढग दिसतात. मी म्हशीला झाडाखालून सोडून गोठ्यात आत घेतलं आहे आणि दाराशी खुर्ची टाकून बसलो आहे. म्हैस माझ्याकडे बघते. पान्हा चोरायचा की नाही, ते तिचं अजून ठरलेलं नाही.